मुलीकडची बाजू

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. कसबा पेठेतला एक बोळ. इतका अरुंद, की समोरून स्कूटर आली तर तुम्हाला कुणाच्या तरी पायरीवर चढून उभं राहावं लागतं. त्या बोळात एक दुकान आहे. दुकान कसलं, भिंतीत बसवलेलं मोठं कपाटच म्हणा. फळ्यांवर बोटाएवढी लाटणी, मुठीएवढी जाती, चाकांचे घोडे, भोवरे. आणि सगळ्यात वरच्या फळीवर ओळीनं उभे असलेले लाकडी नवरानवरी. चढलात पायरीवर? आता गप्प उभे राहा, कारण दुकानात गिऱ्हाईक आलं आहे.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण मुलगी. पाठीवर ऑफिसची बॅग, एका कानात इअरफोन. तिनं चाकांचा घोडा उचलला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "काका, हा घोडा चालतो का?"

"चालतो की," युसूफचाचा म्हणाले.

आणि थांबले. मान डाव्या कोपऱ्याकडे वळवून थांबले. त्या कोपऱ्यात लाखेच्या रंगीत कांड्यांचा डबा होता आणि दुसरं काहीच नव्हतं. मुलगीही थांबली. तिला वाटलं, काका किंमत आठवताहेत.

थोड्या वेळानं चाचाच म्हणाले, "चालतो, पण नवरा म्हणून चालेल का, ते तुम्ही बघा."

मुलीनं कानातला इअरफोन काढला. "काय?"

"नाही, म्हणजे... गंमत केली."

"मी भाच्यासाठी बघत होते," ती म्हणाली. तिनं घोडा परत फळीवर ठेवला, अगदी आवाज न करता, जसं आपण झोपलेल्या माणसाच्या खोलीत काही ठेवतो तसं. "थँक्यू काका," म्हणाली आणि मंडईच्या दिशेनं निघून गेली.

समोरच्या पायरीवर नऊ वर्षांची उत्कर्षा करवंदं खात बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती बी थुंकून म्हणाली, "चाचा, ती रागावली का?"

"रागावली नाही. घाबरली."

"पण त्यात फनी काय होतं?"

 युसूफचाचांनी लेथचं बटण दाबलं. लाकडाचा दांडा फिरू लागला आणि घरघरीत बाकीचं सगळं बुडून गेलं.

आता तुम्हाला सांगायला हवं, की हा विनोद मुळात त्यांचा नव्हताच. म्हणजे अर्धा होता. उरलेला अर्धा नूरबानूचा.

लग्न झाल्यापासून नूरबानू त्या डाव्या कोपऱ्यात बसायची. चाचा लाकूड कातायचे, फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून रंग चढवायचे, केवड्याच्या पानानं चकाकी आणायचे. नूरबानू बाहुल्यांची तोंडं रंगवायची आणि शिंप्यांकडच्या चिंध्यांतून त्यांचे कपडे शिवायची. लेथ सुरू असली की बोलणं ऐकू जात नसे. मग तिला काही सांगायचं असलं की ती अंगुस्तान घातलेल्या बोटानं फळीवर टकटक करायची, आणि चाचा बटण बंद करायचे. गिऱ्हाईक आलं की चाचा सरळ बोलायचे आणि ती वाकडं.

चाचा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "या बाहुलीला फार मागणी आहे."

कोपऱ्यातून आवाज यायचा, "मागण्या खूप येतात हो, पण मुलगी अजून शिकतेय."

कुणी विचारायचं, "नवरे कुठल्या फळीवर आहेत?" ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "वर सध्या वरच आहे. लग्न झालं की येईल खाली."

एकदा एका गृहस्थांनी मुद्दाम खोडी काढली. बाहुला आणि बाहुली चाचा एकाच दांड्यातून कातायचे. लाकडाची रेघ ह्याच्यातून तिच्यात गेली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून ते जोडी कधी फोडून विकत नसत. ते गृहस्थ म्हणाले, "एकाच लाकडाची दोघं? मग ही तर भावंडं झाली की हो!" चाचा गडबडले. नूरबानूनं मान वर न करता सांगितलं, "मामाची मुलगी आहे. चालतं." ते गृहस्थ हसत हसत बोळाच्या तोंडापर्यंत गेले आणि आणखी एक जोडी घ्यायला परत आले.

तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते. दुकानातली खेळणी तशीच होती, गिऱ्हाइकंही यायची, आणि चाचांच्या तोंडून ती अर्धी वाक्यं अजून सवयीनं बाहेर पडायची. वाक्य बाहेर पडलं की मागं घेता यायचं नाही. मग वाट बघायची, आणि कुणी बोललं नाही की तिचं वाक्यही आपणच बोलून टाकायचं. म्हातारी बाई कोपऱ्यातून जे बोलते आणि सगळे हसतात, तेच एकटा म्हातारा तोंडावर बोलला की लोक बॅग सावरून घेतात. हे चाचांना कळत होतं. कळूनही होत होतं. कधी कधी तर लेथ फिरत असताना ते मध्येच बटण बंद करायचे आणि कान द्यायचे. बोळातून सायकलची घंटी यायची, कुणाच्या कुकरची शिट्टी यायची. ते पुन्हा बटण दाबायचे.

मुलगा इमाद खडकीला दारूगोळा कारखान्यात होता. तिथंच क्वार्टरमध्ये बायको सुहानाबरोबर राहायचा. दर रविवारी यायचा, डब्यातून सुहानानं केलेला खिमा आणायचा आणि तेच बोलणं काढायचा.

"अब्बा, तिकडं चला. खोली रिकामी आहे. गॅलरी आहे. झाडं आहेत."

"लेथ कुठं ठेवू? गॅलरीत?"

"लेथ कशाला पाहिजे आता? सुहाना पण म्हणते, एकटे कशाला राहताय. त्या दिवशी वासंतीबाई मला म्हणाल्या, तुम्ही दुकानात एकटेच बोलता."

"एकटा नाही बोलत," चाचा म्हणाले. "माझ्या वाटणीचंच बोलतो."

 इमाद हळूच म्हणाला, "ते जास्त वाईट दिसतं, अब्बा."

चाचांनी डबा पुसला, झाकण लावलं. "मे महिन्यात बाहुल्यांचं लग्न होऊ दे. दोन वर्षं झालं नाही, पोरं मागं लागलीत. लग्नात बोळ हसला, तर मी इथंच राहणार आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. नाही हसला, तर तू टेम्पो घेऊन ये."

"हे काय अब्बा, शर्त लावल्यासारखं?"

"शर्तच आहे," चाचा म्हणाले.

बाहुल्यांचं लग्न हा त्या बोळाचा सुट्टीतला सण होता. अंतरपाट म्हणून हातरुमाल, मंगलाष्टकं पोरांनीच जुळवलेली, चिवडा आणि सरबताची पंगत. पण अक्षता पडायच्या आधी एक गोष्ट व्हावीच लागायची. ती म्हणजे बोलणी. दोन सतरंज्या समोरासमोर टाकायच्या. एका सतरंजीवर मुलाकडचे, त्यांचे पुढारी युसूफचाचा. दुसरीवर मुलीकडचे, त्यांची पुढारी नूरबानू. चाचांनी प्रश्न विचारायचे, तिनं उत्तरं द्यायची. ही बोलणी ऐकायला मोठी माणसंही कामं टाकून खिडकीत यायची. बोलणी जमली तरच लग्न, असा नियम. आणि जमली हे कसं ठरवायचं? सगळा बोळ हसला की जमली.

आता मुलीकडच्या सतरंजीवर कुणाला बसवायचं?

चाचा आधी शेजारच्या वासंतीबाईंकडे गेले. वासंतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, जिभेला धार.

"मला विनोद जमत नाहीत, युसूफभाई," त्या म्हणाल्या. "मला टोमणे जमतात. त्यावर लोक हसत नाहीत, जिना उतरतात."

"मग टोमणे मारा."

"नूरबानूच्या जागी बसून? नको. तुम्ही चहा घ्या, आणि हा विषय राहू द्या."

मग त्यांनी उत्कर्षाच्या आजीला विचारलं. उत्कर्षाचं कुटुंब दिवाळीतच या बोळात राहायला आलं होतं. तिची आई राधा बँकेत जायची, म्हणून सुट्टीत नातीला सांभाळायला शकूआजी मांजरी गावाहून आली होती. शकूआजीनं बाहुलीला नऊवारी नेसवायचं आनंदानं कबूल केलं, पण बोलणीचं नाव काढताच तोंडाला पदर लावला.

"न्हाई बाबा. आमच्याकडं लगीन लागलं की मान्सं जेवाया बसत्यात. हसायचं काम न्हाई त्यात. आन् मला काय सुचणार हाय?"

म्हणजे कुणीच नाही. चाचांनी ठरवलं, दोन्ही बाजू आपणच बोलायच्या. नूरबानूची उत्तरं पाठच आहेत, असं त्यांना वाटत होतं.

दुपारी बोळ झोपलेला असायचा. त्या वेळी ते सराव करायचे आणि उत्कर्षा येऊन उंबऱ्यावर बसायची. ती इंग्रजी शाळेत जायची आणि गंभीर चेहऱ्याची होती. तिला कळलं नाही तर ती खोटं हसत नसे. चाचांना आधी याचा राग आला. मग तेच आवडू लागलं.

"आज हार घालायचा," चाचा नूरबानूच्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून हार मानायची."

उत्कर्षानं विचार केला. "म्हणजे गारलँड आणि डिफीट?"

"हो."

"हं."

"हसू नाही आलं?"

"नाही. समजलं."

चाचांनी कातणी खाली ठेवली. शिकवायची त्यांना हौस होती, शिकायला कुणी येत नव्हतं एवढंच. ते म्हणाले, "इकडे बघ. असं समज, एक घर आहे. त्याला पुढं दार आहे, मागं दार आहे. तू पुढच्या दारात उभी राहून पाहुण्याची वाट बघतेस. पाहुणा येतो मागच्या दारानं आणि तुझ्या पाठीवर थाप मारतो. तू काय करशील?"

"ओरडेन."

"आणि वळून बघितलंस तर तुझी आईच!"

उत्कर्षाच्या ओठांचा एक कोपरा हलला. "मग हसेन."

"शब्दाचं तसंच असतं. काही शब्दांना दोन दारं असतात. सगळे पुढच्या दाराकडं बघत असतात, आणि बोलणारा मागच्या दारानं आत येतो. चोर आला असता तर कुणी हसलं नसतं. ओळखीचा शब्द निघाला, म्हणून हसायचं."

"पण सगळे जोक लग्नाचेच का? आणि बाहुल्यांचेच का?"

हा प्रश्न चाचांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी फळीवरचा एक नवरदेव घेऊन तळहातावर उभा केला. "लग्नात मोठी माणसं फार घाबरलेली असतात, बेटा. मुलीकडचे घाबरलेले, मुलाकडचे घाबरलेले. दाखवत नाहीत. मानपान, रुसवे, ही सगळी भीतीच असते. तेच लग्न एवढंसं करून हातावर उभं केलं, की भीतीपण एवढीशी होते. मग तिच्यावर हसता येतं. खऱ्या लग्नात हे जोक केले असते, तर मारामारी झाली असती."

"तुमच्या खऱ्या लग्नात तुम्ही घाबरला होता?"

"खूप. मला बोलताच येत नव्हतं. तिनंच पहिल्यांदा काहीतरी बोलून हसवलं."

"काय बोलल्या?"

चाचांनी आठवायचा प्रयत्न केला. तिनं कोणत्या रंगाची ओढणी घेतली होती ते आठवलं. खोलीत कुणीतरी विसरलेलं पितळी तबक आठवलं. ती काय बोलली, ते नाही. "मी हसलो होतो," ते म्हणाले. "हसणारा माणूस लक्षात ठेवत बसत नाही."

उत्कर्षा थोडा वेळ करंगळीचं नख कुरतडत बसली. मग ज्या सुरात ती गणितातली चूक दाखवत असेल त्या सुरात म्हणाली, "पण चाचा, आता पुढच्या दारात पण तुम्हीच, आणि मागच्या दारात पण तुम्हीच."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी येतच नाहीये."

वरच्या मजल्यावरून शकूआजीची हाक आली आणि ती पळाली. चाचा तळहातावरचा नवरदेव तसाच धरून बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी सराव केला नाही. लेथही लावली नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. ऊन उतरल्यावर पोरांनी बोळ झाडला, पाणी मारलं, दोन सतरंज्या टाकल्या. एका टोकाला दुचाकी आडवी लावून रस्ता बंद केला. इमाद आला होता. त्यानं टेम्पो आणला नव्हता, पण टेम्पोवाल्याचा नंबर घेऊन ठेवला होता आणि ते चाचांना माहीत होतं.

नवरानवरीची तोंडं या वेळी चाचांनी स्वतः रंगवली होती. आयुष्यात पहिल्यांदाच. नवरीचं बरं जमलं होतं. नवऱ्याच्या भुवया फार वर गेल्या होत्या.

"हा आत्ताच रडायला लागलाय," वासंतीबाई खिडकीतून म्हणाल्या. "लग्न तरी होऊ द्यायचं."

एकदोघं हसले. चाचांना बरं वाटलं. सुरुवात चांगली आहे, त्यांना वाटलं.

ते मुलाकडच्या सतरंजीवर उभे राहिले. समोर मुलीकडची मुलं बसली होती आणि मध्ये उत्कर्षा, मांडीवर हिरव्या नऊवारीतली नवरी घेऊन. तिच्या शेजारची जागा पोरांनी मोकळी ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठेवली होती.

"आम्ही मुलाकडचे," चाचा म्हणाले. "वर आणलाय. कुठं ठेवायचा?"

मग ते मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडच्या सतरंजीवर गेले, वळले आणि जरा बारीक आवाजात म्हणाले, "वर सध्या वरच असू द्या. लग्न झालं की येईल खाली."

ते असे इकडून तिकडे गेले याचं लहान मुलांना हसू आलं. चाचा परत आले. "मुलीला मागणी घालायला आलोय." पुन्हा पलीकडं. "मागण्या खूप येतात हो, पण मुलगी अजून शिकतेय."

बोळातलाच प्रज्ञेश लहानपणापासून ही बोलणी ऐकत आला होता आणि आता दहावीला गेला होता. त्यानं हे वाक्य चाचांच्या बरोबरीनंच पुटपुटलं. मागच्या रांगेतल्या मुली आपापसात काहीतरी बोलू लागल्या. चाचा परत या बाजूला आले. त्यांना थोडी धाप लागली होती. वासंतीबाई खिडकीतून मोठ्यानं हसल्या. दुखवट्याला भेटायला आलेली माणसं जाता जाता पाठीवरून हात फिरवतात, तसं ते हसू होतं.

इमाद भिंतीला टेकून उभा होता. त्यानं नजर खाली घातली.

आता शेवटचा प्रश्न राहिला होता. बोलणीतला हा सगळ्यात मोठा प्रश्न. मुलगी बघायला गेलेले सगळेच तो विचारतात आणि दर वर्षी बोळ त्याच्याचसाठी थांबलेला असायचा.

"बरं," चाचा म्हणाले, "मुलीला काय काय येतं?"

ते पलीकडं निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले.

या प्रश्नाचं उत्तर नूरबानू दर वर्षी नवं द्यायची. सरावात चाचा इथवर कधी आलेच नव्हते. कधी म्हणायची, "रडू येतं, हसू येतं आणि पाहुणे आले की झोप येते." ते एक आठवत होतं, पण ते फार जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं. त्यानंतरची कुठं गेली? एका वर्षी तर समोरचे जिलेबीवाले हसून हसून खुर्चीवरून घसरले होते. ते घसरलेले दिसत होते, खुर्ची दिसत होती. ती काय बोलली होती? चाचा दोन सतरंज्यांच्या मध्ये, ओल्या फरशीवर, दोन्ही हात पुढं धरून उभे राहिले. एवढी वर्षं आपण नुसते हसत राहिलो, त्यांना वाटलं. एवढी वर्षं तिनं काहीतरी दिलं आणि आपण ते तिथल्या तिथं संपवलं.

 एका लहान मुलानं विचारलं, "संपलं?" आणि त्याच्या बहिणीनं त्याला चिमटा काढला. इमाद भिंतीपासून सरळ झाला, पुढं यायला निघाला.

तेवढ्यात उत्कर्षा म्हणाली, "काही नाही येत."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं नवरीला उचलून तिच्या डोक्यावर बोटानं वाजवलं. टक, टक.

"लाकडाची आहे ती."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पहिल्यांदा शकूआजीच्या तोंडातून हसू फुटलं, पदर लावायच्याही आत. प्रज्ञेश पाठीवर आडवा झाला. खिडक्यांतून, पायऱ्यांवरून, सरबताच्या पातेल्याजवळून हसू आलं. त्यात वासंतीबाईंचंही होतं, पण हे वेगळं, नाकातून निघालेलं, आवरता न येणारं. आणि युसूफचाचा? ते कंबरेत वाकून हसत होते. मागच्या दारानं कुणीतरी आलं होतं आणि त्यांना खरंच पत्ता लागला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं आहे की कसलं, हे त्यांनी तपासलं नाही. बाहीनं पुसलं आणि सवयीनं डावीकडं पाहिलं. डावीकडं नालीच्या जाळीवर बसलेलं मांजर हसण्याच्या आवाजानं उठून चाललं होतं.

इमाद खाली मुलांमध्ये बसला होता. कधी बसला, ते कुणी पाहिलं नाही.

"जमलं!" पोरं ओरडली. "बोलणी जमली! अक्षता कुठायत?"

"थांबा," उत्कर्षा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आमचा प्रश्न राहिलाय."

"मुलीकडचे प्रश्न विचारत नाहीत," प्रज्ञेश म्हणाला. "रूल आहे."

"कोणी केला?"

प्रज्ञेशनं चाचांकडं पाहिलं. चाचांनी वासंतीबाईंच्या खिडकीकडं.

"माझ्याकडं काय बघताय?" वासंतीबाई म्हणाल्या. "पोरगी बरोबर बोलतेय. इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, याचीच मला लाज वाटतेय. विचार गं."

उत्कर्षानं नवरी मांडीवर सरळ केली आणि चाचांकडं पाहून विचारलं, "मुलाला काय काय येतं?"

युसूफचाचांनी तोंड उघडलं. तोंडात काहीच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी प्रश्न विचारले होते. प्रश्न आधीच तयार असायचे, दुकानातून निघतानाच खिशात टाकल्यासारखे. उत्तर कधी द्यावं लागलं नव्हतं. आता सगळा बोळ त्यांच्याकडं बघत होता, हसायला तयार असलेले चेहरे घेऊन, आणि त्या सगळ्या चेहऱ्यांसमोर ते एकटे होते.

नूरबानू उत्तर द्यायच्या आधी नेहमी खाली वाकायची. बाहुलीची एखादी निरी नीट करायची, नसलेला दोरा दातानं तोडायची. चाचांना वाटायचं, ही मुद्दाम ताटकळत ठेवते. उत्तर हिच्याकडं तयार आहे आणि आपली मजा बघते आहे. तयार नसायचं. आज त्यांना कळलं, तिच्याकडंही काहीच नसायचं. ती शोधत असायची. समोर सगळा बोळ, आणि आपण तिच्यापुढं हात बांधून, हसायची वाट बघत उभे. त्या तेवढ्या वेळात ती अशीच एकटी असायची, दर वर्षी, आणि घरी जाताना त्याबद्दल एकदाही बोलली नाही.

त्यांचा हात नकळत लाकडी नवऱ्याच्या मुंडावळ्यांकडं गेला. त्या सरळच होत्या. तरी त्यांनी त्या सरळ केल्या.

"सांगा ना चाचा!" मागून कुणीतरी ओरडलं. "पटकन!"

उत्कर्षानं मागं वळून त्या मुलाकडं नुसतं पाहिलं.  मग तिनं नऊवारीचा घोळ नवरीच्या पायांवर नीट पसरला, सतरंजीवर मांडी घातली, हनुवटी हातांवर टेकवली आणि चाचांच्या तोंडाकडं बघत वाट पाहत बसली.